विषय क्रमांक सात

सेगेदला, तिसा नदीच्या काठी,
औषधशास्त्र संस्थेची वार्षिक सभा.
हिशेब मंजूर. वर्गणी वाढली, कुरकुरत.
गेलेल्यांसाठी एक मिनिट उभे राहिलो;
कुणाचा तरी गुडघा कट्‌ वाजला,
ते इतिवृत्तात घेतलं नाही.

विषय सात : बोदिश एतेल्का, प्रयोगशाळा मदतनीस,
यांना मानद सभासदत्व.
केरेकेशबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
घटनेत पदवीची अट आहे.

आहे. मीच टाइप केली होती.

एकेचाळीस वर्षं तिनं धुरकट ज्योतीवर
ढोलावरचा कागद काजळला,
कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही.
गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा
कोमट क्षारपाण्यात टांगलेला,
औषधाचा थेंब पडला की आखडायचा
आणि सुई काजळीत पांढरा डोंगर काढायची.
त्या डोंगरांवर आमचे प्रबंध उभे राहिले.
ती कागद लाखेत बुडवून
दोरीवर वाळत घालायची, लंगोटांसारखे.
नखांतली काजळी तिच्या लग्नातही निघाली नव्हती, म्हणतात.

हात वर. मोजले.
दोन कमी पडले.

जेवणाला लालभडक माशाचं सूप.
एतेल्का मागच्या टेबलावर, पाहुणी म्हणून,
काटे काढत बसलेली.
मी जवळ गेलो. शब्द सुचेना.
तिनं माझी बाही पाहिली :
"शाई सांडलीय. दूध लाव.
काजळी असती तर पाव चोळला असता."

रात्री इतिवृत्त लिहिलं.
'नामंजूर' लिहिताना हात आखडला,
रेघ वर गेली.
खोडली नाही,
तशीच वाळू दिली.