उच्चारावरून

तितरमारे साहेबांचा फोन आला तेव्हा
मी गॅलरीत अंबाडी निवडत होतो.
"सर, तुमाले बंगाली येते म्हने.
एक पोरगा आहे. बोलून पाहा,
इकडचा का तिकडचा, तेवढं सांगा."

माझी बंगाली मोतीबागेतली.
चाकलादारच्या टेबलासमोर माझं टेबल, सव्वीस वर्षं,
मालगाड्यांची वजनं आणि त्याच्या आईचा डबा.
तेवढ्यात जी शिकलो ती.

वाठोड्याचं ठाणं. बाकावर पोरगा,
पायाच्या बोटांत वाळलेलं सिमेंट.
बाहेर ठेकेदार लांजेवार फोनवर ओरडत होता,
आधार पाहूनच ठेवला, मी काय छापखान्यात जाऊन पाहू?
आणि झोडापे मिस्त्री, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं,
तो दारातच म्हणाला,
"सातशे रोज होता माहा. हे आले अन् साडेचारशावर आला.
तुमची माणुसकी, सर,
माह्या खिशातून काहून देता?"

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

समोर टेकचंदचं झेरॉक्सचं दुकान.
फॉर्मच्या तीन प्रती काढता काढता म्हणाला,
आम्हीपण आलोच ना. पण बाप सहा महिने
छावणीत रांगेत उभा राहिला,
चिठ्ठी मिळाली, मग जरीपटक्यात पत्र्याची खोली.
रांगेतून यावं माणसानं.
मी म्हटलं, आणि रांगच नसेल तर?
त्यानं झाकण दाबलं.
हिरवा उजेड कागदाखालून सरकत गेला.

नागपूरहून कुठलीच सीमा जवळ नाही.
तितरमारे साहेबांचा साळा मात्र सीमेवर असतो.
तिथं म्हणे नदीच सीमा आहे
आणि नदी दर पावसाळ्यात अंग बदलून झोपते.
औंदा जे शेत आपलं, ते पुढल्या साली पाण्यापलीकडे.
"तरी रात्रभर टॉर्च घेऊन उभं राहाच लागते.
कोणीतरी उभं राहाच लागते नं, सर?"
हो म्हणालो.
आणि ते खोटं नव्हतं.

मग पोराजवळ बसलो.
नाव हसिबुल. गाव सांगितलं, ते पाठ केल्यासारखं.
पाण्याला पानी म्हणाला, पण पानी तर
इकडचेही कितीतरी म्हणतात.
शेवटी, काही विचारायचं म्हणून विचारलं,
जेवलास?
"खाइछि."

खाइछि.
मोतीबाग, क्वार्टर नंबर चौदा.
चाकलादारची आई पितळी डबा माझ्यापुढे सरकवायची,
मी तिला विचारायचो, मावशी, तुमचं झालं?
खाइछि, ती म्हणायची, न खाता.
बारिसालहून पन्नास साली आली होती,
एक ट्रंक, दोन पोरं, आणि हा शब्द.
ट्रंक गंजली, पोरं नागपुरी शिव्या शिकली,
शब्द ती असेपर्यंत तसाच राहिला.

फॉर्ममध्ये रकाना सात :
उच्चारावरून निष्कर्ष. भारतीय / परदेशी.
लागू नसेल ते खोडा.

मी समासात लिहिलं :
हा उच्चार मी नागपुरात ऐकला आहे.
रेल्वे क्वार्टर, मोतीबाग.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. रागावले नाहीत.
"सर, शब्दाचा पत्ता नाही मागितला.
पोराचा मागितला. एक खोडा."

पेन माझ्याच हातात होतं.
झोडापे दारात तसाच उभा होता.
पोरगा माझ्याकडे पाहत होता, बराच वेळ,
आणि मग घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं
त्यानं विचारलं, "आपने खाइछेन?"

अंबाडी अर्धी निवडायची होती घरी,
पोटात सकाळपासून फक्त चहा.
तोंडातून निघून गेलं,
"खाइछि."

पोरानं झटकन वर पाहिलं.
"काय म्हनला तो?" साहेब म्हणाले.
"आणि तुम्ही काय म्हनले?"