इन्व्हर्टरवरची नऊ गाणी

वडगावात लाईट असली की गाणं होत नाही.
एका गल्लीत साठ माग,
माईक आधी ते ऐकतो, मग मला.
म्हणून लाईट जायची वाट बघत
आम्ही दोघं पायरीवर बसायचो, मल्लेशी आणि मी,
हातात गार झालेला चहा.
लाइनमनला त्यानं सांगून ठेवलेलं,
काढणार असशील तर आधी मिस कॉल दे की रे.

लाईट गेली की गल्लीच्या तोंडावर
कुणीतरी हात ठेवल्यासारखं.
चला वैजूअक्का, पळा.
बॅटरीत चाळीस मिनिटं.

खोली त्याच्या वडिलांची, मालाची.
मार्चात तिथं भिंतींना छतापर्यंत लुगडी होती,
न खपलेली, घडीवर घडी,
चटणी रंग, मोरपंखी, आणि एक भलताच पिवळा
जो धारवाडच्या व्यापाऱ्यानं दोनदा परत पाठवला.
त्यात आवाज मुरायचा
शिळ्या भाकरीत कालवण मुरावं तसा.
पहिलं गाणं ऐका,
माझा श्वाससुद्धा तुमच्या कानाच्या पाळीला लागेल.
उद्यमबागेत मी एका फाउंड्रीचं बिलिंग बघते.
ते गाणं चलनाच्या पाठीवर लिहिलंय:
कास्टिंग दोनशे चाळीस नग, नाकारलेले अकरा.
नाकारलेले अकरा, हीच त्याची पहिली ओळ.

दुसऱ्यात सायकलची घंटी आहे. राहू दे म्हटलं.

तिसरं तीनदा फसलं.
दिमडीला मल्लेशीचा मामा, हुक्केरीहून आलेला.
मराठी त्याला सगळी कळते, मात्रा तो कन्नडमध्ये मोजतो,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि माझा शब्द नेमका मूरुवर अडखळायचा.
‘उंबरा’ होता, मी ‘दार’ केलं.
त्या गाण्यात आता कुणी काही ओलांडत नाही,
सरळ दार उघडतं.
टेक बरा झाला की मामा म्हणायचा, साकु.
नाही झाला तरी साकु,
कारण सव्वानऊला त्याची शेवटची बस.

गौरी-गणपतीत लुगडी हलायला लागली.
चौथ्यानंतर एक भिंत कमरेपर्यंत उतरली.
पाचव्यानंतर तिच्यामागं खिडकी सापडली,
आम्हाला माहीतच नव्हती.
हेडफोन काढून मल्लेशी म्हणाला,
अक्का, तुम्ही लांब गेलाय.
मी होते तिथंच होते, त्याच चिंध्यांच्या पायपुसण्यावर.
बाहेर त्याची आई गंगव्वा गठ्ठे बांधत होती,
इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.
तिला काय सांगणार,
ऐंशी हजारांचा माल गेला
आणि आमचा षड्ज भिंतीवर आपटायला लागला?

सातव्यात, दुसऱ्या कडव्याला, लाईट आली.
आधी एक माग, मग सगळे.
मी थांबले नाही. का, ते अजून कळलं नाही.
यंत्राच्या वरून बोलायची सवय असेल,
वीस वर्षांची.
पुढं कोल्हापुरात मिक्सिंगला बसलो
तर तिथला पोरगा म्हणाला, हे पुसता येतंय.
मल्लेशीनं माऊसवरचा हात उचलला
आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

दिवाळीपर्यंत खोली धुतल्यासारखी.
पिवळं लुगडं तेवढं राहिलेलं, ते मीच घेतलं,
अजून नेसलेले नाही.
नववं गाणं चार भिंती आणि एका खिळ्यासमोर.
ओळ म्हटली की क्षणभर थांबून परत यायची,
मला ओळखत नसल्यासारखी.

लोक विचारतात, शेवटचा तो घुमारा
कुठल्या मशीननं दिला?
मी म्हणते, त्या वर्षी विक्री चांगली झाली.

त्यानंतर एक बारीक टीं टीं आहे, इन्व्हर्टरची.
सुरात नाही.
आणि आवाज मोठा केलात तर अगदी टोकाला,
अंधारात मामा चपला शोधतोय.