रकाना सातवा

अँटॉप हिलच्या पालिका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर
संगणक अकरा. चालतात सात.
आठवा चालतो, पण रेवणने मागून थाप मारली तरच.
बुधवारी नववी ब. धडा : बायोडेटा कसा लिहावा.

मी कळ दाबली की मुलं हसतात.
"सर, हळू. तुटेल ना."
या बोटांना लोखंडाची सवय आहे, हे कसं सांगू?
परळच्या इन्स्टिट्यूटात मिनिटाला चाळीस शब्द,
एक अक्षर चुकलं की आख्खं पान पुन्हा,
आणि ओळ संपत आली की वाजणारी
ती इवलीशी घंटी.
सर्टिफिकेट आहे अजून, प्लास्टिकच्या पिशवीत.
इन्स्टिट्यूटच्या जागी दातांचा दवाखाना.

असो. नाव, जन्मतारीख, पत्ता.
पत्त्यापाशी अर्धा वर्ग अडतो.
"संक्रमण शिबिर लिहू, की जिथून उठवलं ते?"
जिथे पत्र पोचेल, ते लिही.
"पत्र कोण पाठवतंय, सर?"
बरं. मग जिथे रात्री जेवतेस, ते.

सातवा रकाना : कौशल्ये.
सगळे गप्प. फक्त पंखा कुरकुरतो.
'काही येत नाही,'
सेल्वी टाइप करते,
दोनच बोटांनी, पण वेलांटीसकट बिनचूक.
हीच सेल्वी
आख्ख्या गल्लीचे अर्ज भरते मोबाइलवर,
तमिळमधून ऐकून मराठीत,
आणि पेन्शनवाल्या आजोबांना दरडावते,
"ओटीपी मलासुद्धा मोठ्याने सांगायचा नाही!"
मी म्हणतो, हेच लिही.
"हे? हे तर घरचं काम आहे."

तिला पटत नाही. मलाही
पटवून देता येत नाही नीट.
उलट तीच विचारते,
"सर, तुमच्या सातव्यात काय होतं?"
टंकलेखन.
"मग ते बंद पडल्यावर?"

रेवण उगाच आठव्याला थाप मारतो.
मी खडू शोधतो; इथे तर फळाही नाही.
"बोटं होतीच की," म्हणतो शेवटी.
उत्तर अर्धंच आहे, तिलाही कळतं.
ती कर्सर मागे नेते,
'काही'पर्यंत पुसते,
आणि रिकाम्या रकान्यात
कर्सर लुकलुकत ठेवून बसते.

तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते,
आणि माझा डावा हात
आपसूक उठतो,
हवेतला दांडा उजवीकडे सारतो.

"सर, हे काय केलंत?"

नवीन ओळ.