नेलपॉलिशचा ठिपका

कॅरिबूच्या बाईनं साडेतीनशे सांगितले,
तीनशेला दिली.
नवऱ्याचं आम्ही विचारलं नाही.
त्याचे बर्फातले बूट गराजमध्ये
अजून दाराकडे तोंड करून होते.
"चकती लाल ठिपक्याच्या पुढं नेऊ नका,"
एवढंच म्हणाली, आणि शटर ओढून घेतलं.

शेगडी कसली, लोखंडाचं आडमुठं वासरू.
मी, क्लोव्हिस, आणि पाठ धरलेला त्याचा मेहुणा.
फळीवरून घसरवत आणली, शिव्या फ्रेंचमध्ये,
कारण आमच्या खोऱ्यात
इंग्रजी शिवीनं वजन हलत नाही.

फायरप्लेसचं तोंड साडेएकोणतीस इंच.
शेगडी तीस.
मापं मीच घेतली होती.
ओदेत काही बोलली नाही,
आतून छिन्नी आणून हातात दिली.

विटा फोडताना काजळी सुटली.
चाळीस हिवाळ्यांची, मऊ, मांजराच्या पाठीसारखी.
बापानं यात बर्च जाळला, मॅपल जाळला,
गिरणी बंद पडली त्या वर्षी
माझ्या पाळण्याच्या फळ्यासुद्धा.
निम्मी ऊब धुराड्यातून नदीपार कॅनडाला जायची,
आणि आम्ही कोट घालून जेवायचो.

क्लोव्हिस छपरावर. वरून तो स्टीलचा नळ सोडतो,
खालून मी हात वर करून चाचपडतो.
"आला?"
"नाही."
"आला?"
"तुझा आवाज आला."
मग जुन्या झडपेत अडकला, ती करवतीनं कापली,
आणि नळाच्या आधी खाली आलं
पाखराचं एक घरटं, अख्खं,
त्यात माझ्या आईच्या लोकरीचा निळा धागा.
तो मी खिशात टाकला. कुणाला सांगितलं नाही.

दाराची परीक्षा अशी असते:
फटीत एक डॉलरची नोट धरायची, दार लावायचं, ओढायची.
नोट अलगद बाहेर आली.
"बघ," ओदेत म्हणाली, "पैसा असाच जाणार आहे."
सतरा डॉलरची दोरी आणली,
जुनी खरवडून नवी चिकटवली, रात्रभर वाळवली.
सकाळी नोट फाटली, पण सुटली नाही.
इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

टाकीच्या तळाशी त्या माणसाच्या मूठभर गोळ्या होत्या.
भुशाच्याच, पण आमच्यापेक्षा काळसर.
फेकायला वाडगा उचलला तर ओदेत म्हणाली, राहू दे.
पहिल्यांदा त्याच पेटल्या.
चार मिनिटं नुसता वास,
मग तांबूस उजेड,
मग आतला स्क्रू फिरायला लागला.
टिक. टिक-टिक. टिक.
घराला नवीन नाडी लागल्यासारखी.

ठिपक्याला आम्ही हसलो.
त्याचं घर लहान असेल, आमचं दुमजली.
मी चकती चारवर नेली. सकाळी काच डांबरासारखी.
ओदेतनं दोनवर आणली. नळातलं पाणी गोठलं.
मग तीन आठवडे संसार चकतीवर चालला.
ती थोडं डावीकडे, मी थोडं उजवीकडे,
दोघंही दुसऱ्याला झोप लागल्यावर.

जानेवारीत उणे एकतीस झालं.
झाडं रात्री बंदुकीसारखी फुटत होती.
मी टॉर्च घेऊन उतरलो
तर ओदेत आधीच तिथं, गुडघ्यावर, चष्म्याशिवाय.
मधोमध काटा. बरोबर ठिपक्यावर.
"तू ठेवलास?"
"मला वाटलं तू."
गोळ्या पडत होत्या.
ती उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली
आणि तो हात जरा वेळ तिथंच राहिला.

मार्चपर्यंत उष्णतेनं रंगाचे पापुद्रे निघाले.
काढून टाकावा की काय, मी म्हटलं.
ओदेतनं बाथरूममधून बाटली आणली,
जीभ दातात धरून, एकच थेंब.
तिच्याकडे लाल नव्हता.
आता तो ठिपका जांभळा आहे.