मूठ सैल ठेव

ता एलादियोने मला गाडी शिकवली
तेव्हा त्याचा उजवा खांदा आधीच एकदा निखळलेला होता.
वाऱ्याने पाडलं का, मी विचारलं.
नाही गं, म्हणाला,
वारा थांबला, त्याने पाडलं.

मेक्सिकोची कंबर इथे सगळ्यात बारीक.
डोंगरांना एक फट आहे, नोव्हेंबर लागला
की तिच्यातून उत्तरेचा वारा सुटतो
आणि आठ-आठ दिवस कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
ला व्हेंतोसा, ला व्हेंता,
गावांची नावंसुद्धा त्याच्याच मालकीची.
आमच्याकडची कुत्री तिरकी चालतात.

रस्ता पूर्वेला, वारा उत्तरेचा.
पाठ द्यायची सोय नाही,
खांदाच द्यावा लागतो.

जीव मुठीत धरू नकोस, एलादियो सांगायचा,
मुठीत फक्त थ्रॉटल असतो.
आवळलीस की वाऱ्याचा धक्का दंडातून उतरून
थेट पुढच्या चाकात जातो.
गुडघ्यांनी टाकी धर. कोपरं मोकळी.
गाडी डुलली तर डुलू दे,
तिला तिचं कळतं.
आणि उजवीकडे जागा ठेव, ढकललं जायला.
ढकलली तर जाशीलच.

समोरून ट्रेलर आला की मात्र…
इथे तो बोलायचं थांबून खांदा चोळायचा.
तू डावीकडे रेललेली, जशी भिंतीला टेकून,
आणि ट्रेलर येतो, ती भिंतच काढून घेतो.
एक सेकंद. दीड.
तू त्याच्याच अंगावर पडायला लागतेस.
मग तो निघून जातो
आणि भिंत परत येते, धावत.

परवा फाट्यावर पोलिसाने ट्रेलर अडवून ठेवले होते,
दीड-दोन मैलांची रांग.
एकशे पंचवीसच्या गाडीला कोण अडवणार?
मागे आत्याची टोपली, घट्ट बांधलेली,
तिच्यात तोतोपो, मातीच्या भट्टीत भाजलेल्या
मक्याच्या कडक, भोकं पाडलेल्या भाकऱ्या.
पवनचक्क्यांच्या कॅन्टीनवर चाळीस माणसं जेवायची होती.
चक्क्या बंद होत्या.
वाऱ्यावरच जगणाऱ्या त्या, पाती वळवून गप्प उभ्या.
मी पाहिलं, आणि पाहिलं नाही.

तिसरा गिअर. चाळीसचा वेग.
वाळू काचेवर तडतडत होती, हेल्मेट मानेला उपटत होतं,
कडेची पांढरी रेघ चाकाखाली गेली,
परत बाहेर आली, परत गेली.
मूठ कधी आवळली गेली कळलंच नाही.

पलीकडच्या लेनमध्ये एक ट्रेलर आडवा पडला होता.
लांबून बघूनही मला सुचलं नाही
की पडलेला ट्रेलरही आडोसा करतो.
त्याच्याजवळ पोचले आणि वारा संपला.
गाडी डावीकडे कलली, त्याच्या चाकांकडे,
जी वर तोंड करून हळूहळू फिरत होती.
हात सोड, कुणीतरी म्हणालं.
मीच म्हणाले असेन. हेल्मेटमध्ये दुसरं कोण असतं?
बोटं सुटली. गाडी सरळ झाली,
माझ्याआधी.

कडेच्या खडीवर थांबले.
ड्रायव्हर तिथेच बसला होता, पुएब्लाचा फिदेन्सिओ,
कपाळावर खरचटलेला, हातात एकच बूट.
काय माल होता?
रिकामा होता, म्हणाला. म्हणून तर.
फाट्यावर पोलीस यायच्या पाच मिनिटं आधी निघालो.

टोपली सोडली. दोघांनी खाल्लं.
ही भोकं कशाला? त्याने विचारलं.
वाफ जायला, म्हटलं.
नाहीतर फुगते, आणि भट्टीच्या भिंतीवरून सुटून पडते.
त्याने एक डोळ्यासमोर धरून
भोकांतून रस्त्याकडे पाहिलं.

आत्याचा फोन आला. पोचलीस का?
नाही, थांबलेय, मी ओरडले.
काय?
थांबलेय!
वाऱ्याने अर्धं नेलं, पण तिला कळलं असावं,
कारण ती शिव्या द्यायला लागली
आणि त्या शिव्यांत काळजी नव्हती.

परतताना वारा उजवा होणार,
खड्ड्याकडे नाही, समोरच्या लेनमध्ये लोटणार.
म्हणून तो पडेपर्यंत बसून राहिलो.
कॅन्टीनची माणसं त्या दिवशी काय जेवली, माहीत नाही.
अंधार पडताना उठले, तर उजवी मूठ
अजून अर्धी वळलेली, तिच्यात काहीच नसताना.
एकेक बोट हाताने सरळ केलं.
मग किल्ली फिरवली.