माया

शेवटचा पॅच मी दुकानातल्या मोठ्या कात्रीने कापला.
आधी महिनाभर अर्धा, मग पाव.
डॉक्टर लाइटन म्हणाल्या होत्या, एकदम नको,
जिना उतरतो तशा उतरा.
नऊ वर्षं, सोमवारी नि गुरुवारी,
कमरेखाली कधी डावीकडे, कधी उजवीकडे.
आता तिथे डिंकाचा करडा चौकोन उरलाय,
आंघोळीआधी खोबरेल लावून खरवडते
तेव्हा किमतीच्या लेबलासारखा
तुकड्यातुकड्याने निघतो.

का सोडलं?
छातीत एक गाठ लागली होती. काही नव्हतं.
पण ते 'काही नाही' ऐकेपर्यंत अकरा दिवस गेले
आणि अकराव्या दिवशी मीच म्हटलं, पुरे.
बरोबर केलं की चूक, माहीत नाही.
माझ्या बहिणीने नाही सोडलं. तिचंही बरोबर असेल.

डंडीत फेब्रुवारी.
पहाटे चारला आतून चूल पेटते, मानेपासून वर.
खिडकी सताड उघडते. टे नदीवरून वारा येतो,
धुराड्यावरचा सीगल माझ्याकडे बघतो,
त्यालाही झोप नाही.
दिगंबर रजई नाकापर्यंत ओढून म्हणतो,
अगं, बाहेर बर्फ पडतोय.
मी म्हणते, पडू दे की आतही थोडा.

सकाळी बोटांच्या पेरांत
कुणीतरी कच्चे टाके घालून ठेवलेले असतात.
सुईत दोरा तिसऱ्या खेपेला जातो.
मंगळवारी एका शाळकरी जाकिटाच्या चेनपाशी
रडू आलं. चेन साधी होती.

हाडांचा फोटोही काढून झाला.
आकडे बरे आहेत म्हणे, पण लक्ष ठेवा.
कशावर? घरी आले, चौकटीला पाठ लावली,
डोक्यावर पट्टी धरून शिंपीखडूची रेघ ओढली
आणि तारीख घातली.
मुलं लहान असताना इथेच ओढायचो.
त्यांच्या रेघा वर वर जायच्या.

मिसेस रेनी दर वर्षी तोच स्कर्ट आणतात,
हिरव्या चौकड्यांचा, लोकरीचा.
'जरासा वर घे.'
स्कर्ट लांबत नाही, त्या उतरतात.
माझ्या वहीत बावीस वर्षांची त्यांची मापं आहेत,
पासबुकातली शिल्लक उतरावी तशी,
एकूण अडीच इंच.
मी कधी कापलं नाही. दुमडत गेले.
मिरजेच्या शिवणक्लासात लीलावतीबाई
पट्टी आपटून सांगायच्या,
पोरींनो, आत माया सोडा. अंग बदलतं.

परवा त्या आल्या तेव्हा
दुकानात टेबलफॅन फुल्ल सुरू होता.
त्यांनी कोटाची बटणं लावली, फॅनकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
'आमच्या वेळी ह्याला नाव नव्हतं,' म्हणाल्या.
'आई सांगायची, परसात जाऊन उभी राहा.'

आमच्याकडे म्हणत, तिची गेली.
काय गेलं, ते कुणी विचारत नसे.
मावशी दुपारभर ओला पंचा मानेवर टाकून
मोरीच्या उंबऱ्यावर बसायची
आणि आम्ही म्हणायचो, हल्ली फार चिडते.

त्यांना स्टुलावर उभं केलं,
हात धरून, हळूच. खाली बसले.
गुडघे वाजले, माझे.
घडी उलटून पाहिली:
बावीस वर्षांचं कापड आत जसंच्या तसं,
बाहेरच्यापेक्षा हिरवं,
ऊन न लागलेलं.
तेवढ्यात पुन्हा मानेपासून वर सुरू झालं.
कपाळावरचा थेंब खडूच्या खुणेवर पडला.
वरून एक हात खाली आला, सुरकुतलेला, थंड,
टेबलावरच्या फॅनची मान
माझ्याकडे वळवून गेला.

तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून काही बोलले नाही.
पाव इंच वर घेतलं.
कापलं नाही.