दोन चाळीस

रायबंदरच्या ऑफिसात रात्रपाळीला
माझ्यासमोर दिवाडीतली एकोणीस घरं असतात.
घरं म्हणजे ठिपके. हिरवा, हिरवा, पिवळा.
गोळ्यांची डबी उघडली, न्हाणीत दिवा लागला,
कुणी कूस बदलली, एवढंच कळतं.

एस्कोलास्तिकाबायचा फ्रिज
दोन चाळीसला उघडतो. मिटतो. परत उघडतो.
तिसऱ्यांदा उघडला की इथे घंटी वाजते.
साखर दोनशे ऐंशी असलेली बाई!
पेराद असणार, मी ठरवूनच टाकलं
आणि सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने गेले.

फ्रिजमध्ये पेज होती, अर्धं लिंबू, इन्सुलिन.
"खाता कोण गो?" ती म्हणाली,
"दार उघडलं की ब्राझच्या फोनवर टिंग होतं,
हे बसवताना तूच नव्हतं का सांगितलंस?
त्याचं जहाजावरचं रांधप आवरतं तेव्हा."

तो काय म्हणतो मग?
"काय म्हणणार? अंगठा पाठवतो."

आणि जहाजाला रेंज नसली तर?
तिने माझ्याकडे असं बघितलं,
की मी काल जन्मले असावे.
"त्याचा बापूय बारा वर्षं मोंबासाला होता.
पत्रं काय त्याच दिवशी पोचायची?"

परतताना फेरीत फॉर्म भरला.
कारण : भूक, औषध, चूक.
चौथा रकाना नव्हता. कोरा सोडला.

रात्री सेटिंगमध्ये जाऊन
तिच्या नावापुढचा तीन खोडून दहा केला.
उरलेल्या अठरांचा तीनच आहे.
त्यांना अजून विचारलेलं नाही.